भट्टीचे डाग

विनयाबाई मगदूम यांच्या मनगटावरचा पांढरा डाग पाहायला लोक येत. मात्र आपण तो पाहायला आलो आहोत, हे कबूल करण्याची हिंमत एकातही नसे. कुणी शहाळी आणी, कुणी मिरज-सांगली रस्त्याचे रखडलेले काम काढून बसे. बोलता बोलता नजर हळूच बाईंच्या हातावर उतरे, तिथून कपाळाच्या कडेला चढे आणि पकडली गेली की भिंतीवरच्या घड्याळाकडे पळे. बाईंनी यावर एक उपाय शोधला होता. पाहुणा खुर्चीत टेकला की त्या बाही कोपरापर्यंत सारत, हात टेबलावर ठेवत आणि म्हणत, "आधी बघून घ्या, म्हणजे चहा निवांत घेता येईल."

बहुतेकांना मग चहा जात नसे.

शासकीय तंत्रनिकेतनाच्या यंत्र विभागातून त्या निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर उष्णता शिकवली, भट्ट्या शिकवल्या, पोलादाला पाणी कसे द्यायचे ते शिकवले. या सगळ्यातून त्यांचे एक मत पक्के झाले होते. जगात मोजणारी माणसे थोडी आणि अंदाजाने चालणारी फार, आणि दुसऱ्या जातीच्या माणसांशी बोलताना आवाजातली तुच्छता लपवण्यात वेळ घालवू नये. त्यांच्या सासरचे झाडून सगळे दुसऱ्या जातीचे होते. नवरा धनपाल मगदूम स्वभावाने मऊ, इतका मऊ की त्याच्यावर शेवटचे बोट ज्याचे टेकले त्याचा ठसा राही. त्याची थोरली बहीण सुलोचनाआक्का शेजारच्याच गल्लीत राहायची, आणि बोट बहुधा तिचेच असायचे. घरात विनयाबाईंच्या जातीचे म्हणावे असे एकच माणूस होते, त्यांची मुलगी प्रणोती. ती औषधनिर्माणशास्त्र शिकून कुपवाडच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरीला होती. तिच्याविषयी बाईंच्या मनात जे होते त्याला त्या 'समाधान' म्हणत. अभिमान हा शब्द त्यांना भाबडा वाटे.

"विनया, राग मानू नकोस हं," आक्का म्हणायची, "पण बाहेरचं माणूस आलं की पदर जरा हातावर घ्यावा की."

"का? हात नागवा आहे का?"

"बघ बाई. मी आपलं तुझ्या भल्याचं सांगतेय."

"आक्का, तुम्ही माझ्या भल्याचं सांगायला लागलात की मला ताप मोजावासा वाटतो. तुमचा."

दुखणे सुरू झाले होते तळपायापासून. टाचेवर काळसर ठिपका दिसला तेव्हा धनपाल म्हणाला, भोवरी असेल. आक्का म्हणाली, उष्णता बाधलीय, रात्री तळपायाला तूप चोळ. बाईंनी दोघांकडे दुर्लक्ष केले; मात्र परीक्षांचे दिवस होते म्हणून त्यांनी ठिपक्याकडेही दुर्लक्ष केले. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा तो कर्करोग होता. शस्त्रक्रियेने टाच मोकळी झाली तोवर रोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता.

तोवर उष्णतेचे उपचार मिरजेत रुळले होते. लोक त्याला सरळ 'भट्टी' म्हणत. गाठीत लोहाचे अतिसूक्ष्म कण टोचायचे, पेशीच्या पोटात मावतील इतके सूक्ष्म. मग तो भाग तारेच्या वेटोळ्यात ठेवून झपाट्याने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र त्यावर सोडायचे. कण तापतात आणि त्यांच्यासोबत गाठ तापते. शेजारच्या निरोगी मांसाला मात्र जेमतेम ऊब लागते. गिअरचे दात कडक करायला कारखान्यात हेच तत्त्व वापरतात, आणि बाईंनी ते फळ्यावर इतक्यांदा काढले होते की भट्टीवर आडवे पडताना त्यांना स्वतःच्याच वर्गात बसल्यासारखे वाटले. फरक एवढाच की तिथे तापमान शेकड्यांत असे. इथे जेमतेम त्रेचाळीस अंश, आणि अर्ध्या अंशाची चूकही महागात पडणारी.

"गाठ सगळी भाजून काढत का नाही?" त्यांनी डॉक्टर मुजावर यांना विचारले होते.

डॉक्टर फरीदा मुजावर या त्यांच्या मते मोजणाऱ्यांपैकी होत्या. "भाजली तर नुसती राख होईल, मॅडम. राखेतून शरीर काही शिकत नाही. कर्करोग हा आपल्याच पेशींचा, म्हणून पहारेकरी त्याला घरचा समजून सोडून देतात. तो बेताने तापवला की पेशी संकटात सापडतात आणि खास प्रथिनं तयार करतात. आम्ही त्यांना उष्णताघात प्रथिनं म्हणतो. मोडत चाललेल्या मालाला ती घट्ट धरून बसतात. पेशी फुटली की ही प्रथिनं तो माल हातात घेऊनच बाहेर पडतात. गस्तीवरच्या पेशी त्यांना उचलतात, आणि मग सगळ्या पहारेकऱ्यांना दाखवलं जातं, की हा माल दिसेल तिथे मारा."

"अंगात कुठेही?"

"कुठेही. म्हणून तर एक गाठ तापवली की न तापवलेल्याही विरघळतात. फक्त एक आहे. तुमच्या गाठीतला बराच माल रंग तयार करण्याचा आहे, आणि तो प्रामाणिक रंगपेशींकडेही असतो. पहारेकरी इतका बारीक फरक करत नाहीत. कातडीवर पांढरे डाग येतील. आले की मला कळवा, मी पेढे खाईन."

"म्हणजे चाचणीचा तुकडा," बाई म्हणाल्या. भट्टीत मालाबरोबर एक छोटा तुकडा ठेवतात. मग मालाला हात न लावता तो तोडून पाहतात. हा तुकडा कातडीवर येणार होता. व्यवस्था त्यांना अतिशय पसंत पडली. पुढे डाग आले, तपासणीत गाठी नाहीशा झालेल्या दिसल्या, आणि डॉक्टरांनी बजावले की दोन वर्षे पहारा असाच जागा राहिला पाहिजे.

शरीराला कळले ते सांगलीला कळले नाही. सांगलीच्या लेखी डाग म्हणजे कोड, आणि कोड म्हणजे मुलीचे लग्न. भट्टीचे रुग्ण गावोगावी वाढले, तसा वधूवर मंडळांनी आपल्या संकेतस्थळावर 'घरात डाग' असा एक नवा रकानाच उघडला. शास्त्र पुढे गेले की अडाणीपणा मागे राहतो, असा बाईंचा समज होता. तो मागे राहत नाही, नवे कपडे घालून बरोबर चालतो, हे त्यांना त्या रकान्यावरून कळले.

प्रणोतीसाठी इचलकरंजीच्या चौगुल्यांचे स्थळ आले होते. सुताचा व्यापार, घरचे माग, मुलगा सम्यक वस्त्र अभियंता. तो प्रणोतीला दोन-तीनदा भेटला होता आणि तिला आवडला होता. आपल्याला कुणीतरी आवडले आहे हे ती बटाट्याचा भाव सांगावा तसे सांगे, त्यावरून बाईंनी ओळखले की फारच आवडला आहे. चौगुले मंडळी घरी आली. मुलाची आई पद्मजाबाई चहाचा कप घेता घेता विनयाबाईंच्या मनगटाशी थबकली, मग कपाळाशी थबकली, वीतभर लांब सरकली आणि उरलेला सगळा वेळ दुधाच्या भावाविषयी बोलली. निघताना रावसाहेब चौगुले म्हणाले, "घरी विचार करून कळवतो."

ते गेल्यावर आक्काने पदराला डोळे पुसले. डोळे कोरडे होते.

"शमनाची गोळी का घेत नाही तू?" ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या कमलला जुनं कोड होतं, त्या गोळीनं दोन-अडीच महिन्यांत कातडी सारखी झाली."

"कमलला कर्करोग नव्हता. ती गोळी पहारेकऱ्यांना झोपवते, म्हणून रंगपेशी वाचतात. माझे पहारेकरी झोपले की आणखी कोण वाचेल ते कळतंय का?"

"थोडेच दिवस की ओ," धनपाल मध्ये पडला. "लग्नापुरतं."

"रोगाला तुम्ही सांगणार का, लग्नापुरतं थांब म्हणून? पत्रिका पाठवा त्याला."

"जीव मोठा, हे कोण नाकारतंय?" आक्का म्हणाली. "पण जीव आत्ता कुठं चाललाय तुझा? तपासणी तर चांगली आलीय म्हणे. आणि पोरीनं काय जन्मभर तुझे डाग मिरवायचे?"

त्यावर प्रणोती उठली आणि म्हणाली, "आत्या, विषय बंद. आईचं औषध आईचे डॉक्टर ठरवतील." आक्का चप्पल घालून निघून गेली. विनयाबाईंना त्या दिवशी फार समाधान वाटले. दुसऱ्या दिवसापासून प्रणोती सकाळी लवकर उठून आईची नाचणीची आंबील स्वतः करू लागली, आणि त्याचेही वाटले.

चौगुल्यांकडून बरेच दिवस काही आले नाही. घर दबकून चालू लागले. मग एके दिवशी निरोप आला: रविवारी सुपारी फोडायला येतो. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. आक्काने याचे श्रेय आपल्या मध्यस्थीला दिले, धनपालने पार्श्वनाथाला. बाईंनी कुणालाच दिले नाही. माणसे मत का बदलतात याचा शोध घेण्याइतकी ती त्यांना महत्त्वाची वाटत नसत.

शुक्रवारी सकाळी त्या गच्चीत उन्हाला बसल्या होत्या. मनगटावर ऊन तिरपे पडले होते. डागाच्या पांढऱ्या पृष्ठावर त्यांना तपकिरी ठिपके दिसले, प्रत्येक केसाच्या मुळाशी एक. त्यांनी खालून भिंग मागवले. ठिपके खरेच होते. केसाच्या मुळाशी काही रंगपेशी दडून वाचलेल्या असतात; पहारा उठला की तिथून रंग पुन्हा पसरू लागतो, हे त्यांना डॉक्टरांनीच कधीतरी सांगितले होते.

"अगं बाई, भरतोय की डाग," आक्का भिंगातून पाहत म्हणाली. "बघ, देवानं ऐकलं."

धनपालने भिंगातून पाहिले नाही. तो जिन्याकडे पाहत होता.

त्याच दुपारी मिरजेत डॉक्टर मुजावरांनी रक्त काढले, जांघेची तपासणी केली, आणि दार लावून घेतले. "पहारेकरी आहेत, पण झोपलेत. मॅडम, तुम्ही शमनाची गोळी घेताय."

"मी घेत नाही."

"रक्तात आहे."

"मी खोटं बोलते असं म्हणायचंय का?"

"नाही. म्हणूनच विचारणं अवघड आहे. तुम्ही घेत नसाल तर कुणीतरी देतंय." त्यांनी पडद्यावरचे चित्र वळवले. "आणि हे बघा. जांघेत दाणा आहे. मागच्या वेळी नव्हता. गोळी बंद झाली की काही पहारेकरी उठतील, सगळे उठतीलच असं नाही. दाणा पुन्हा तापवावा लागेल. रविवारी पाचच्या आत दाखल व्हा. सोमवारी सकाळी भट्टी."

"दुसऱ्यांदा शिकतात ते?"

"काहींचे शिकतात."

परतताना बाईंनी पद्धतशीर विचार केला. घरात सगळे एकाच भांड्यातले जेवत, तेही दिवेलागणीच्या आत, सगळे मिळून. फक्त त्यांच्याच पोटात जाणारी एकच गोष्ट होती. तरीही घरी पोहोचल्यावर त्या आधी नवऱ्याकडे गेल्या, कारण ते नवऱ्याचे काम असावे अशी त्यांची फार इच्छा होती.

"आंबिलीत कोण घालतं?"

धनपालने घडी केलेला टॉवेल पुन्हा घडी केला. "आक्का म्हणाली होती की..."

"आक्काला गोळीचं नाव सांगता येत नाही. तुम्हाला साधी डोकेदुखीची गोळी अर्धी करता येत नाही. मी विचारतेय, कोण घालतं."

त्याने आतल्या खोलीकडे पाहिले. प्रणोती दारात उभीच होती.

"मी," ती म्हणाली. "तपासणी स्वच्छ आली होती, आई. मी मात्रा तुझ्या वजनावर काढली होती. सर्वांत कमी मात्रा, सर्वांत कमी दिवस. सुपारी झाली की बंद करणार होते. धोका फार थोडा होता. मी वाचलं होतं सगळं."

विनयाबाईंना तुच्छतेसाठी शब्द शोधावा लागण्याची ही पहिलीच वेळ. आक्काने चमचाभर घातली असती तर तो अडाणीपणा झाला असता. हे तसे नव्हते. हे मोजून केलेले होते, नीट, त्यांच्याच पद्धतीने, त्यांनीच शिकवलेल्या सावधपणाने. पोरीने सगळे मोजले होते, आणि आईला विचारणे तेवढे राहिले होते.

"जांघेत दाणा आहे," त्या म्हणाल्या.

प्रणोती खाली बसली.

"रविवारपर्यंत हे कुणालाच कळायला नको," धनपाल पुटपुटला. "पोरीचं नाव जाईल. तेवढी सुपारी होऊ दे. मग आपण जाऊच की दवाखान्यात."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सुपारी दुपारी आहे. दवाखाना पाचला. वेळ आहे." असला हिशेब आपण कधी करू असे त्यांना वाटले नव्हते, आणि तो करताना त्यांना स्वतःविषयी जे वाटले ते आक्काविषयी वाटण्याइतकेच वाईट होते.

रविवारी चौगुले मंडळी आली. पाटावर तबक, तबकात विड्याची पाने, नारळ, सुपारी. आक्का नवे लुगडे नेसून दारापासूनच हसत होती. सम्यक प्रणोतीकडे पाहून जरा हसला. ती हसली नाही. पद्मजाबाई आल्या त्या थेट विनयाबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. मागच्या खेपेला ज्या हातापासून त्या वीतभर लांब सरकल्या होत्या तोच हात त्यांनी उजेडात धरला आणि उलटसुलट केला.

"डाग पुसट कसे झाले ओ?" त्यांनी विचारले.

आक्का पुढे सरसावली. "चाललेत की. देवाची कृपा. आता काळजीच नाही."

"काळजी कशी नाही?" पद्मजाबाईंचा चेहरा उतरला. "आम्ही कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरांना विचारून आलोय. ते म्हणाले, डाग ठळक असतील तर बिनघोर सोयरीक करा, बाईला धोका नाही. डाग भरायला लागले तर दोन वर्षं थांबा. म्हणून तर आम्ही हो म्हटलं. उद्या तुमचं काही झालं तर पोरीचा जीव सारखा माहेरात, आणि आमच्याकडे एवढा मोठा बारदाना. सांभाळणार कोण?"

मत बदलले होते ते असे. विनयाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. हीच बाई त्या डागाला भिऊन सरकली होती. आता तो पुसट झाला म्हणून सरकत होती. दोन्ही वेळा तिने माणसाकडे पाहिलेच नव्हते. आणि यांना फसवण्यासाठी आपल्या पोरीने आपले पहारेकरी झोपवले. घरभर मिळून जो डाग पुसत आणला, तोच या लोकांना हवा होता. बाईंना हसू आले असते, पण जांघेतल्या दाण्याची आठवण झाली.

"तुम्हीच सांगा, मॅडम," रावसाहेब म्हणाले. "तुमचं बोलणं स्वच्छ असतं असं सगळे सांगतात. आजार परत येणार नाही ना? तुम्ही म्हणालात की आम्ही सुपारी फोडतो."

धनपालने डोळे मिटले. आक्का मान हलवून खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. प्रणोती तबकाकडे पाहत होती. तिच्या मानेची शीर उडताना बाईंना दिसली.

विनयाबाईंनी घसा साफ केला. खोटे बोलायचे कसे याचा सराव नसल्याने त्या सावकाश बोलू लागल्या. "काही रुग्णांत डाग आपोआप भरतात. त्याचा अर्थ असा नव्हे, की..."

"आपोआप नाही," प्रणोती म्हणाली. "मी तिच्या आंबिलीत शमनाची गोळी घालत होते. तिला न सांगता. डाग जावेत म्हणून. आजार परत आलाय."

आक्का दबक्या आवाजात म्हणाली, "कशाला बोललीस गं..."

सम्यकने विचारले, "गोळी काय करते हे तुला माहीत होतं?"

"होतं. माझा विषय आहे तो."

त्याने आईकडे पाहिले. पद्मजाबाई उठल्या तसा तोही उठला, आणि आईची खाली राहिलेली पिशवी त्याने वाकून उचलून दिली. घरात त्याने केलेले एवढेच काम. रावसाहेबांनी दारात चपला शोधत "बघू, कळवतो" असे म्हटले. या खेपेला त्यांची वाट पाहायला कुणी थांबणार नव्हते.

सुपारी तबकात तशीच राहिली. आक्का भिंतीला टेकून बसली आणि खरोखर रडू लागली. धनपाल तिच्यासाठी पाणी आणायला गेला, पेला घेऊन आला आणि पाणी स्वतःच प्यायला.

विनयाबाईंनी खोलीतून तयार ठेवलेली पिशवी आणली. "गाडी काढ," त्या प्रणोतीला म्हणाल्या.

"मी?"

"बाबांच्या हातात अजून पेला आहे, आणि आत्याला मी मिरजेपर्यंत सहन करू शकत नाही. तू काढ."

प्रणोतीने किल्ली घेतली, पण ती दारातच थबकली. "आई, तू आत्ता खोटं बोलणार होतीस."

"बोलायला लागलेच होते. तेही वाईट. कुणाचा विश्वास बसला नसता."

"माझ्यासाठी?"

"मग काय त्या सुतवाल्यासाठी?" बाईंनी पायात चपला सरकवल्या, दुखऱ्या टाचेवर भार येऊ नये म्हणून मुलीच्या खांद्याला धरले, आणि धरले ते गाडीपर्यंत सोडले नाही. "तू जे केलंस ते मी माफ केलेलं नाही. करेन की नाही ते ठरवायला मला वेळ लागेल. तेवढा वेळ मला मिळेल की नाही, ते उद्या कळेल."

रेल्वेच्या पुलावर प्रणोतीने गाडीचा वेग कमी केला.

"दुसऱ्यांदा शिकतील ते? पहारेकरी?"

"काहींचे शिकतात म्हणाली ती," विनयाबाई समोर पाहत म्हणाल्या. "आधी तापवून तर बघू. आणि पाय जरा दाब, पाच वाजत आलेत."